निसूचं डावं चाक

"नट आवळणाऱ्याला काय वाटलं होतं, चाक पळून जाईल?" रेइनो पुटपुटला. "माणसानं आवळावं, पण पुढे उघडणाऱ्याचाही थोडा विचार करावा."

आयली त्याच्या खांद्यामागे बॅटरी धरून उकिडवी बसली होती. इतक्या जवळ, की त्याच्या लोकरी सदऱ्याला येणारा धुराचा वास तिला येत होता. नट कोणी आवळले होते ते दोघांनाही ठाऊक होतं. आवळणारा गेल्या ऑगस्टपासून चर्चमागच्या बर्चच्या झाडांखाली निजला होता. तो मुरांब्याच्या बरण्यासुद्धा अशा बंद करायचा की उघडायला शेजाऱ्याला बोलवावं लागे, आणि ह्यावरून घरात चाळीस वर्षं त्याची थट्टा झाली होती. रेइनोच्या तोंडून ती थट्टा सवयीनं निसटली, आणि निसटल्यावर तो चाकावर आणखी वाकला. पान्यावर नुसताच जोर देत राहिला.

"तेल सोडू का?" आयलीनं विचारलं.

"सोड."

तिनं तेल सोडलं. मे महिना अर्धा सरला होता, तरी शेडच्या उत्तरेला बर्फाचा एक मळका ढीग अजून तग धरून होता. आतमध्ये प्रवासात राहायचा ट्रेलर उभा होता: एकसष्ट सालचा, पंधरा फुटी, पाठीला गोलाई असलेला, वरून पांढरा आणि खालून समुद्री हिरवा. आयलीच्या नवऱ्यानं, विल्होनं, तो एका कोंबडीवाल्याकडून आणला तेव्हा त्यात कोंबड्याच राहत होत्या. दोन हिवाळे खपून त्यानं तो माणसांत आणला. आकार पाहून आयलीनं त्याचं नाव ठेवलं निसू. वेलदोडा घालून भाजलेल्या गोड पावाला त्यांच्याकडे निसू म्हणतात, आणि तो ट्रेलर खरोखर फुगून आलेल्या पावासारखाच दिसे.

आता निसूच्या डाव्या अंगाला चाक नव्हतं. नऊ महिने ते अंग लाकडाच्या ठोकळ्यावर टेकलं होतं. चाकावरचा फाटलेला पत्रा शेजाऱ्यानं बदलून दिला होता, पण त्याला रंग लावायला अजून कोणाचा हात धजला नव्हता.

रेइनो विल्होचा धाकटा भाऊ. चौतीस वर्षं त्यानं काउंटीच्या रस्तेखात्याच्या कारखान्यात बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांची चाकं बसवली. दर शनिवारी तो भावाच्या घरी यायचा, सौनाची भट्टी पेटवायचा. तिघांनी आळीपाळीनं वाफ घ्यायची, मग तीन कप कॉफी, आणि कॉफीबरोबर वीसेक शब्द. ह्या घराण्यात शब्द हिवाळ्यातल्या सरपणासारखे वापरत, संपले तर काय करायचं ह्या भीतीनं. अंत्यविधीनंतर मात्र रेइनोनं अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. दुकानात दिसला तर हात वर करी आणि दुसऱ्या रांगेत शिरे. ह्या आठवड्यात आयलीनंच फोन केला होता.

"रेइनो, निसूला कुठली चाकं घालायची?" एवढंच ती म्हणाली होती.

पलीकडे बराच वेळ घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग तो म्हणाला, "शनिवारी येतो. तू काही विकत घेऊ नकोस."

पाचवा नट कुरकुरत सुटला. रेइनोनं उजवं चाक ओढून काढलं आणि दाराशी उजेडात नेऊन आडवं टाकलं. बाहेरच्या अंगाला टायरची पांढरी पट्टी होती, हाताएवढी रुंद, अजून दुधासारखी. आयलीनं ती दर रॅलीच्या, म्हणजे ट्रेलरवाल्यांच्या मेळाव्याच्या, आधी दात घासायच्या ब्रशनं घासली होती. जुन्या ट्रेलरवाल्यांत पांढऱ्या पट्टीला फार मान. पट्टी नसली तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण ट्रेलरपाशी थांबतही नाहीत.

रेइनोनं पट्टीकडे पाहिलं नाही. टायरचं नावही काढलं नाही. तो लोखंडी चाकावर वाकला आणि बोल्टच्या भोकांवरून अंगठा फिरवू लागला.

"इथे बघ. भोक गोल नाही राहिलं. अंड्यासारखं झालंय. आणि ही रेघ दिसते?"

"ओरखडा असेल."

"ओरखडा नखाला लागतो तशी ही लागत नाही. ही तडे जाण्याची सुरुवात आहे." त्यानं रिमच्या कडेचा गंज खरवडला. खपलीखाली आणखी गंज निघाला. "टायर नवे घालून भागणार नाही. चाकंही नवीच घ्यायची. हे लोखंड साठ वर्षांचं आहे. किती वजन झेलेल ते त्याच्यावर कुठेच कोरलेलं नाही. नव्या चाकावर कोरलेलं असतं."

"विल्हो म्हणायचा, जुनं लोखंड पक्कं असतं."

"विल्हो पुष्कळ काही म्हणायचा."

 मग रेइनोनं खिशातून मोजपट्टी काढली. पाच बोल्ट असले की एकासमोर एक बोल्ट येत नाही, त्यामुळे सरळ मापता येत नाही. त्यानं शेजारच्या दोन बोल्टांतलं अंतर मापून हिशेब केला, मग अंदाज नको म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा बोल्टांवर दाबून ठसाच घेतला. मधल्या भोकाची रुंदी लिहिली. चाकाची बैठक आतल्या बाजूला किती जाते ते मापलं. टायर आणि पत्रा ह्यांच्यामध्ये कुठे किती जागा राहते ते पाहायला तो पाठीवर सरकत आत गेला, आणि आतून आकडे पुटपुटल्याचा आवाज आला. सगळं त्यानं त्या पुठ्ठ्यावर जाड पेन्सिलीनं लिहिलं, प्रत्येक आकडा दोनदा.

"कशाला दोनदा?" आयलीनं विचारलं.

"एकदा लिहिलेलं मी आता मानत नाही."

कपडे झाडत तो उठला. त्याचे केस ह्या हिवाळ्यात पार पांढरे झाले होते.

"सौना तापवते. आलाच आहेस तर थांब."

"नको. घर बघायला माणूस येणार आहे."

"कुठलं घर?"

"माझं." तो पान्यावरचं तेल पुसू लागला. पुसून झालं तरी पुसतच राहिला. "सिग्ने म्हणते, बाबा, डुलुथला ये. तिच्या तळघरात खोली आहे. होडी विकली गेल्या महिन्यात. जूनच्या अखेरीला जाईन म्हणतो."

आयलीनं बॅटरी बंद केली. उजेडातच ती इतका वेळ उगाच जळत होती.

"डुलुथमध्ये तू काय करणार?"

"सिग्नेचे टायर बदलीन," रेइनो म्हणाला. विनोद म्हणूनच तो म्हणाला, पण हसलं कोणीच नाही.

*

पुढच्या शनिवारी त्यानं स्वतःच्या लाकूड वाहायच्या गाड्याची दोन चाकं आणली. ती निसूच्या बोल्टांवर बसत होती. तेवढ्यापुरती चालतील, पंधराच्या वर वेग न्यायचा नाही, असं त्यानं बजावलं. मग म्हणाला, "आता आत सगळं भर. खरोखर जाताना जे जे नेशील ते सगळं. टाकीत पाणीसुद्धा."

"वजनासाठी?"

"टायर निवडायचा तर आधी ओझं किती ते कळायला नको? लोक डोळ्यांनी वजन करतात. मग..." वाक्य तिथेच राहिलं.

आयलीनं सगळं भरलं. बिडाचा तवा, गाद्या, कॉफीची किटली, जूनमध्ये तळ्याकाठी पेटवायच्या होळीसाठी बर्चच्या मोळ्या. युहान्नुसला, वर्षातल्या सगळ्यात लांब दिवशी, सुपीरियर तळ्याच्या वाळूत ती होळी पेटते. एकतीस वर्षं विल्हो आणि ती तिथे जात आली होती. यंदा ती एकटी जाणार होती, निसूला स्वतः ओढत. शेवटी विल्होची हत्यारांची पेटी उचलून तिनं जिथे नेहमी असे तिथेच ठेवली, डाव्या बाकाखाली.

गावाबाहेर लाकडाच्या वखारीत जमिनीत बसवलेला काटा होता, ओंडक्यांच्या ट्रकांसाठी. तो सांभाळणारा ऑर्व्हिल खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "हे कुठलं झाड, आयली?"

"पावाचं."

"दिसतंय. ओंडके मला आवडतात. ते आपलं घर पाठीवर घेऊन येत नाहीत." आयलीच्या मागे रेइनो दिसला तसा त्यानं स्वर उतरवला आणि टोपीला हात लावला. गावातली माणसं त्या दोघांना एकत्र पाहून अशीच टोपीला हात लावू लागली होती, जणू दोघं मिळून एक प्रेतयात्रा आहेत.

एकदा अख्खा ट्रेलर तोलला. मग रेइनोनं एक-एक चाक वेगळं काट्यावर घ्यायला लावलं. आयली पुढे-मागे करत होती, तो हातानं खुणा करत होता. आधी उजवं चाक घेतलं. ऑर्व्हिलनं खिडकीतून आकडा सांगितला: अकराशे ऐंशी पौंड. मग डावं.

"चौदाशे चाळीस."

"पुन्हा घे," रेइनो म्हणाला.

पुन्हा घेतलं. तेवढंच भरलं.

"डाव्या अंगाला काय काय आहे?" ऑर्व्हिलनं विचारलं. साधा माणूस. कुठे थांबावं हे त्याला फारसं कळत नसे.

"शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी," आयली म्हणाली. "पेटी."

रेइनो काट्याच्या कडेला उभा होता. आयलीला त्याच्या डोक्यातला हिशेब ऐकू आल्यासारखा झाला. मोटारीचा टायर ट्रेलरला लावला की त्याची ताकद दहा टक्क्यांनी कमी धरायची, हे त्या घरात कोणीही सांगितलं असतं. ते पांढऱ्या पट्टीचे टायर मोटारीचेच होते. नवे असते तरी डाव्या चाकावर काठोकाठ आले असते. आणि ते नवे नव्हते.

टायर रेइनोचेच. कधीतरी एका जुन्या मोटारीसाठी त्यानं ते घेतले, मोटार विकली, टायर कोठारात राहिले. कधी वापरलेच नाहीत, त्यामुळे नक्षी कोरी, रबराचे केससुद्धा तसेच. आयली आणि विल्होच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा त्यानं त्यांना लाल फीत बांधली आणि निसूला स्वतःच्या हातांनी चढवले, पांढरी पट्टी बाहेर. पट्टी बाहेर तर दुसरं अंग आत, आणि त्या काळच्या टायरांवर जन्माचा आकडा, आठवडा आणि वर्ष, एकाच अंगाला कोरलेला असे. तो आत गेला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या टायरांवर जो आकडा आधी पाहायचा, तो स्वतःच्या कोठारातल्या टायरांवर त्यानं पाहिला नाही. आपल्या घरातलं माणूस म्हातारं झालेलं जसं आपल्याला दिसत नाही, तसंच ते.

गेल्या ऑगस्टमध्ये, दलदलीतून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर डावा टायर फुटला. निसू उलटली नाही, पिकअप कुठे आदळली नाही. विल्होनं दोन्ही शांतपणे कडेला घेतली, उतरला आणि जास्तीचं चाक बसवू लागला. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेनं चालतात, म्हणजे डावं चाक रहदारीकडे; फुटला असता उजवा, तर तो दलदलीच्या बाजूला बसला असता. मावळतीचा सूर्य डोळ्यांवर आलेल्या ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही.

पोलिसांच्या कागदावर टायरचं वय लिहिलं होतं. तो कागद आणायला रेइनोच गेला होता. लिफाफा उघडलेला होता, आणि लिफाफा देताना त्यानं आयलीच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. चर्चच्या कॉफीत नाही, दुकानात नाही, सिग्नेनं फोनवर नाही.

"पेटी उजवीकडे ठेव," काट्यावरून उतरताना रेइनो म्हणाला. "आणि पाणी तिथे पोचल्यावर भर."

*

टायरचं दुकान इर्माचं होतं. नवऱ्यामागून तिनं ते चालवलं, आणि नवरा असतानाही तीच चालवत होती. तिनं रेइनोच्या पुठ्ठ्यावरचे आकडे वाचले आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे चाक मागतोयस की मुलीला स्थळ बघतोयस?"

"मुलीच्या वेळी एवढं पाहिलं नाही," रेइनो म्हणाला, "म्हणून तर ती डुलुथला गेली."

त्या एका वाक्यात जुना रेइनो क्षणभर डोकावून गेला. आयलीला वाटलं, दार लावून घ्यावं आणि त्याला आतच ठेवावं.

इर्मानं चाकं आणली. रेइनोनं प्रत्येक उलटं करून मागे कोरलेलं वजन बोटानं वाचलं, पुठ्ठ्याचा ठसा भोकांवर ठेवून पाहिला. मग टायर. ट्रेलरसाठीच बनवलेले, कडेला तशी अक्षरं असलेले. प्रत्येकी एकवीसशे पन्नास पौंड झेलणारे, म्हणजे डाव्या चाकावर पेटी चुकून राहिली तरी सातशे पौंड शिल्लक.

"ह्या ताकदीत पांढऱ्या पट्टीचे हवे असतील तर मागवावे लागतील," इर्मा म्हणाली. "तीन आठवडे. थांबशील, आयली? रॅलीवाले काळं चाक बघून नाकं मुरडतात, तुला माहीत आहे."

"काळेच दे."

"निसूला काळे?"

"निसू विधवा आहे," आयली म्हणाली.

 इर्मा टायर आणायला मागे गेली. पहिली जोडी रेइनोनं उजेडात नेली, आकडा वाचला आणि परत केली. चौदा महिन्यांचे होते.

"चौदा महिने म्हणजे बाळं आहेत, रेइनो. पाच-सहा वर्षं सहज जातील."

"ह्याहून लहान दे."

"फळीच्या मागून काढावे लागतील."

"काढ. मी शिडी धरतो. तिघं एकाच वयाचे हवेत, जास्तीचं चाकही त्यांच्याबरोबरचंच. आणि हवेच्या नळ्या पितळी दे, रबरी नको." तो थांबला. "अजून एक. बसवताना आकडा बाहेर राहू दे. तिघांचाही. तिला वाकावं लागता कामा नये."

'तिला' म्हणताना त्याचा आवाज जरा वेगळाच झाला. इर्मा शिडीकडे वळली, रेइनो तिच्यामागे गेला. आयली काउंटरपाशी एकटी राहिली. तिथे रबराचा नवा, उग्र वास होता, आणि त्या वासात तिला तिचं स्वतःचं स्वयंपाकघर आठवलं.

गेल्या वर्षीचा एप्रिल. ती निसूचे पडदे शिवत होती, लाल-पांढऱ्या चौकडीचे. विल्हो चाकांच्या बेअरिंगांना ग्रीस भरून आत आला, सिंकपाशी कोपरापर्यंत हात धुतले आणि पाठमोराच म्हणाला:

"रेइनोचे टायर म्हातारे आहेत."

"किती?"

"अठरा वर्षांचे. आतल्या अंगाला आकडा आहे. चाक काढलं तेव्हा दिसला." त्यानं हात पुसले. "काढायला हवेत. पण त्याला कळलं तर तो मनाला लावून घेईल."

मशीन थांबवून आयलीनं त्याच्याकडे पाहिलं होतं. पडद्यांचा लाल रंग आणि चाकांची पांढरी पट्टी हे दोन्ही ऑगस्टच्या फोटोत एकत्र कसे दिसतील हे तिनं मनात कितीदा पाहून ठेवलं होतं. रेइनोही रॅलीला येणार होता, त्याच्या टायरांशेजारी उभा राहणार होता. ती जे म्हणाली त्यात दिराचं मन राखणं होतंच. पण पडदेही होते. ते तिनं दहा महिन्यांत स्वतःपासून लपवलं नव्हतं, फक्त इतरांपासून.

विल्हो म्हणाला होता, "बरं." मग कॉफी मागितली होती.

हे रेइनोला सांगितलं, तर तो डुलुथला जाणार नाही असं तिचं मन म्हणे. लगेच दुसरं मन म्हणे, जाईल, आणि मग नाताळचं कार्डसुद्धा पाठवणार नाही. दहा महिने एक माणूस एकट्यानं ओझं वाहतोय आणि दुसऱ्या टोकाला हात लावायचा सोडून आपण नुसतं पाहत राहिलो, हे कोण माफ करील? शिवाय विल्हो. गावाच्या लेखी तो भोळेपणानं मेला होता. जाणूनबुजून मेला हे कोणाला का कळावं?

मागून शिडी सरकल्याचा आवाज आला. रेइनो तीन टायर हातानं ढकलत आणत होता, एकामागून एक. "पाच आठवड्यांचे," तो म्हणाला. शिंगरू विकत घेतल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. आयलीनं तोंड उघडलं.

"छान आहेत," ती म्हणाली.

*

नवी चाकं बसवली की पन्नास मैलांनी थांबून नट पुन्हा आवळायचे असतात. रंग आणि लोखंड एकमेकांवर बसतात, तेवढ्यात नट सैल पडतात. म्हणून युहान्नुसच्या आठ दिवस आधी, एका सकाळी, नुसते पन्नास मैल जायचं आणि परत यायचं ठरलं. रेइनोचं घर विकलं गेलं होतं. पुढच्या शनिवारी सिग्ने ट्रक घेऊन येणार होती.

पिकअप आयली चालवत होती. चाळीस वर्षं ती उजवीकडे बसून नकाशा धरत आली होती. आता उजवीकडे रेइनो बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. निघताना त्यानं थंड टायरांत हवा भरली, कडेला कोरलेल्या पुऱ्या आकड्याइतकी, आणि गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"साठच्या वर नाही," तो म्हणाला.

"पंचावन्नवर आहे."

"दिसतंय. मी आपलं म्हणतो."

"तुझी पाठवणी करायला एवढी घाई नाही मला."

तो खिडकीबाहेर पाहू लागला. झाडं सरत गेली. विसाव्या मैलाला त्यानं आयलीनं दिलेला निसू पावाचा तुकडा खाल्ला, चाळिसाव्या मैलाला रुमालातले तुकडेही वेचून खाल्ले. आरशात मागे ट्रेलर सरळ येत होता, कुठे झुलत नव्हता.

कुठल्या रस्त्यानं जायचं ते आयलीनंच ठरवलं होतं. रेइनोनं विचारलं नव्हतं. एकोणपन्नासाव्या मैलाला झाडं दोन्हीकडून मागे हटली आणि समोर दलदल उघडली, आणि त्यातून जाणारा तो रस्ता, पट्टी ठेवून आखल्यासारखा. जिथे तो सुरू होतो तिथे कडेला खडीची मोठी मोकळी जागा आहे. आयलीनं पिकअप आत घेतली, अगदी आत, निसूचं डावं अंग रस्त्यापासून वीस पावलं दूर राहील अशी. इंजिन बंद केलं. बेडकांचा आवाज एकदम भरून आला.

रेइनो काही वेळ उतरलाच नाही. मग उतरला.

त्यानं आधी उजवं चाक केलं. ठरावीक जोर आला की त्याचा पाना कट्ट वाजायचा. पाच वेळा वाजला. मग तो डावीकडे आला, गुडघे टेकले. आयली त्याच्या आणि रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिली. एक ट्रक गेला. तो पुष्कळ लांबून गेला, तरी रेइनोचा पाना हवेत थांबला, आणि आवाज पार विरेपर्यंत खाली आला नाही.

मग कट्ट. कट्ट. कट्ट.

"ह्यातला एक थोडा सैल होता," तो म्हणाला. "म्हणून थांबायचं असतं." आणखी दोन वेळा वाजवून त्यानं तळहात टायरवर ठेवला. "गरम नाही. कोमट आहे. असाच असायला हवा." त्याचा हात तिथेच राहिला, बाहेर आलेल्या आकड्याच्या शेजारी. "दर वर्षी वाच, आयली. हा बाहेर आहे, वाकायला नको. सहावं वर्ष लागलं की काढून टाक, कितीही कोरे दिसले तरी. मी डुलुथहून फोन करीन, पण मी नाही केला तरी."

"नाही केलास तरी म्हणजे?"

"म्हणजे नाही केला तर." तो उठला नाही. चाकाशीच बोलल्यासारखा म्हणाला, "इथून जायच्या आधी एवढं एक तरी नीट करून जावं असं होतं. झालं. आता मला... आयली, ते जुने टायर..."

 दुसऱ्यांदा सुरू करायला त्यानं श्वास घेतला. पांढरं झालेलं डोकं तिच्या गुडघ्यांच्या उंचीला, खाली वाकलेलं. दहा महिने जे वाक्य तो तयार करत होता ते त्याच्या तोंडून निघालं, तर त्यानंतर आपलं वाक्य आपण कधीच बोलणार नाही, हे आयलीला स्पष्ट दिसलं. दिसतंय तोवरच तिनं खडीत गुडघे टेकले, त्याच्या शेजारी, चाकासमोर.

"विल्होनं आकडा वाचला होता," ती म्हणाली.

रेइनोनं मान वळवली.

"गेल्या वर्षी एप्रिलमध्ये. ग्रीस भरताना. घरात येऊन मला सांगितलं, अठरा वर्षांचे आहेत, काढायला हवेत." खडी गुडघ्यांना टोचत होती. तिनं टोचू दिली. "आणि 'यंदा राहू दे, रेइनोला वाईट वाटेल, माझे पडदेही त्यांना शोभतात,' असं मी म्हणाले."